टायवाला हेळवी

वीस वर्षांच्या पोराला ‘एल्डर’, म्हणजे वडीलधारा म्हणायचं, ही मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची रीत. भागवतला मिशी धड फुटली नव्हती, पण छातीवरच्या काळ्या पट्टीवर लिहिलेलं होतं : एल्डर बिलोलीकर. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, आणि महिना मे, गाव उदगीर. कुत्री नालीत बसून राहिलेली, आणि हे वडीलधारे गळा आवळून देवाचं काम करून राहिलेले. जोडीला एल्डर प्रसाद, राजमहेंद्रीचा. त्याला मराठीतले दोनच शब्द येत, ‘हाव’ म्हणजे हो, आणि ‘पुरे’. दोघांनी सतत बरोबर राहायचं असा नियम असल्यामुळं एकजण बोलायचा आणि दुसरा घाम पुसायचा.

पहाटे उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, ग्रंथ वाचायचा, आणि मग दिवसभर कुणी ओळखीनं घरात बोलावतंय का याची वाट बघायची. चहा वर्ज्य. आता मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, चहाला नाही म्हणणाऱ्याशी बोलणार कोण? दोन वर्षांच्या धर्मप्रचारातलं दीड वर्ष उलटलं, सहा महिने उरले, आणि भागवतच्या हातून एकाही माणसाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बाकीची पोरं फोटो पाठवायची, ओल्या केसांचे, हसऱ्या चेहऱ्यांचे. हा त्यांना शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवायचा आणि मनातल्या मनात जळायचा. एक तरी घर पदरात पाड, एवढंच त्याचं देवाकडं मागणं होतं.

पण पोराची श्रद्धा खोटी नव्हती हो. बाप शेषेराव हैदराबादला गवंडीकाम करताना या पंथात आला. आजा सटवाजी वारला तेव्हा तिथल्या माणसांनी सांगितलं, की घरातली माणसं मेल्यानंतरही एकत्र राहतात. गेलेल्या वाडवडिलांच्या वतीनंही बाप्तिस्मा घेता येतो, फक्त त्यांची नावं पाहिजेत. भागवतनं ते काळजात धरलं. म्हणून जिथं जाईल तिथं तो पहिलं विचारायचा, तुमच्या आज्याचं नाव काय, पणज्याचं काय?

आणि इथंच ईश्वरप्पा गळाला लागले. किंवा भागवत त्यांच्या गळाला लागला म्हणा.

ईश्वरप्पा म्हणजे मोंढ्यातले आडतदार, कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, आणि मनात एकच खुपणारी गोष्ट : मठाच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा कुणाचा? मान थोरल्या पातीचा, म्हणजे थोरल्या भावाच्या वंशाचा. ईश्वरप्पा म्हणायचे आमचा धोंडप्पा थोरला. चुलतभाऊ गुरुबसप्पा म्हणायचे आमचा मल्लप्पा थोरला. दोन भाऊ मरून शंभरावर वर्षं झाली, पण त्यांच्या वयाचं भांडण अजून ताजं. पूर्वी याचा निकाल हेळवी लावायचा. हेळवी म्हणजे बैलावर बसून येणारा, दारात घराण्याच्या पिढ्या घडाघडा म्हणून दाखवणारा आणि पोतंभर जोंधळा घेऊन जाणारा माणूस. तो बरीच वर्षं फिरकलाच नव्हता. अशात हा पोरगा आला, पिढ्या विचारत, चहा न पिता. अप्पांची खात्रीच पटली, की देवानं नव्या जमान्याचा हेळवी धाडलाय. बैल नाही, टाय आहे, एवढाच फरक.

मग काय थाट. एल्डर लोकांना पाट, खव्याची पोळी, लिंबाचं सरबत. प्रसाद ‘पुरे’ म्हणायचा आणि खात राहायचा. भागवत सोप्यात बसून येशूबद्दल सांगायचा, अप्पा डोळे मिटून ऐकायचे आणि शेवटी विचारायचे, बरं, ते धोंडप्पाचं कुठवर आलं? सूनबाई मंजुषा पाण्यात उतरताना कोणती साडी चालंल याची चौकशी करून राहिलेली. सगळ्या घराला बाप्तिस्मा घ्यायला लावतो, असं अप्पांनीच जाहीर केलं होतं. घराला विचारायची पद्धत त्यांच्याकडं नव्हतीच.

घोळ केला तो अप्पांच्या आईनं, पार्वतम्मानं. तुरी निवडता निवडता तिनं भागवतला सहज सांगून टाकलं, की मल्लप्पाच्या लग्नात धोंडप्पा आईच्या कडेवर होता, असं तिच्या सासूनं सांगितलेलं. म्हणजे धोंडप्पा धाकटा. म्हातारी पुन्हा तुरीकडं वळली, आणि भागवतची झोप उडाली.

जत्रेच्या आदल्या दिवशी पहिल्या खांद्याचा निकाल लावायला मठात बैठक बसली, आणि सांगणार होता हा नवा हेळवी. निघण्याआधी अप्पांनी भागवतच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, “एल्डरसाहेब, धोंडप्पा थोरला, एवढं एक बोला. पुढच्या रविवारी आमचं अख्खं घर तुमच्या पाण्यात.”

दीड वर्षाची तहान आणि समोर भरलेला घडा. वाटेत भागवतनं स्वतःची समजूतही घालून बघितली. मेलेल्या माणसाला धाकट्याचं थोरलं केल्यानं त्याचं काय बिघडतं? उलट त्याच्या पाच वंशजांचं कल्याण. हिशेब इतका चोख जमला, की पोराला स्वतःचीच भीती वाटली.

मठातले स्वामी चांगले वयस्कर, त्यांनी टायकडं एकदा बघितलं आणि सरळ विचारलं, थोरला कोण? अप्पा गालात हसून राहिले.

“मल्लप्पा थोरला,” भागवत म्हणाला. “धोंडप्पा धाकटा होता, महाराज.”

गुरुबसप्पांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की मुलगा फार गुणी आहे आणि त्यांना येशूबद्दल पहिल्यापासूनच आदर आहे. ईश्वरप्पांचं तोंड मात्र काळंठिक्कर पडलं. ते उठले आणि भागवतसमोर येऊन उभे राहिले.

“आमच्या सात पिढ्या उकरून राहिला. तुझ्या पणज्याचं नाव सांग.”

भागवतनं मान खाली घातली. प्रसादला काही कळलं नव्हतं, पण त्यानंही मान खाली घातली.

“माहीत न्हाई, अप्पा,” भागवत म्हणाला. “आमच्या दारात हेळवी कधी आलाच न्हाई. त्याला द्यायला जोंधळा कुठं होता?”

पार्वतम्मा मठाच्या दारातून “तम्मा, थांब बाळा” म्हणाली, पण भागवत तोवर पायऱ्या उतरला होता. गुरुबसप्पांनी जेवायला बोलावलं, तिकडंही तो गेला नाही. हाताशी आलेलं घर त्यानं स्वतःच्या तोंडानं घालवलं होतं, आणि त्याला फार वाईट वाटत होतं.

सोमवारी घरी फोन करायची मुभा असते. त्यानं आजी गुणाबाईला मागून घेतलं आणि तिच्या सासऱ्याचं नाव विचारलं. आजवर ती सासऱ्याचं नाव घेऊ नये म्हणून टाळत आली होती, आणि यालाही ते खरं वाटत आलं होतं. या वेळी त्यानं सोडलं नाही. देवासाठी तरी सांग, म्हणाला.

“मला ठावंच न्हाई रे बाबा,” ती म्हणाली. “पाटलाकडं सालगडी होता. सगळे गडीच म्हणायचे. तुझा आजा रांगत होता तवाच मेला, त्यालाबी कुणी नाव सांगितलं न्हाई. तू तुझ्या देवाला म्हण, बिलोलीत एक गडी होता. तूच हुडक.”