भावबाईनं लिहिलेला आकडा

बाजारात तिला नावानं कुणीच हाक मारत नसे. सगळ्यांसाठी ती भावबाई. दर गुरुवारी सकाळी हातात तक्ता घेऊन ती ठरलेल्या बावीस दुकानांत जायची, ठरलेल्या साठ वस्तूंचे भाव विचारायची आणि पेन्सिलीनं लिहून घ्यायची. एकोणीस वर्षं हेच. तिला गंडवणं सोपं नव्हतं. "भाव तोच ठेवून साबणाची वडी दहा ग्रॅमनं बारीक केलीय हो तुमच्या कंपनीनं," असं ती दुकानदाराला सुनवायची, आणि जणू त्यानंच घरी बसून वडी तासली असावी तसा तो बिचारा ओशाळायचा.

तिचे आकडे भाव कार्यालयात जायचे. सोमवारी त्यांचं भावपत्रक निघून बाजाराच्या फलकावर लागायचं. कुठं टंचाई आहे आणि कुठं सरकारी साठा पाठवायचा, ते त्यावरूनच ठरायचं.

कामाचा एक नियम होता. वस्तू दुकानात नसली तर मागच्या गुरुवारचा भाव लिहायचा, रकाना रिकामा सोडायचा नाही. एखाद्या आठवड्यात माल आला नाही म्हणून काम अडू नये, एवढाच त्यामागचा हेतू. भावबाई नाकासमोर चालणारी; तिनं तो डोळे मिटून पाळला.

त्या उन्हाळ्यात औषधवाल्याकडचं इन्शुलिन संपलं. "येईल पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला. तिनं मागचा भाव लिहिला. पुढच्या गुरुवारी तेच, त्याच्या पुढच्याही गुरुवारी तेच. चौथ्या खेपेला तिनं तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "लिहा मागचाच." इन्शुलिन तिच्या नवऱ्याला लागायचं. घरात साठा आहे म्हणून इतके दिवस तिनंही मनावर घेतलं नव्हतं, आणि आता फ्रिजमध्ये एकच बाटली उरली होती, तीही निम्मी.

नवऱ्याचा जन्म बस डेपोत गाड्या दुरुस्त करण्यात गेलेला. "अगं, थोडं कमी कमी घेतो. चालतंय," तो म्हणाला. चालत नव्हतं. तो दिवसभर घटाघटा पाणी पीत होता आणि जिना चढताना मध्येच बसत होता.

ती कार्यालयात साहेबांकडे गेली. साहेब वयानं तिच्या भाच्याएवढे, अर्थशास्त्रात सुवर्णपदक मिळवलेले. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि संगणकावर इन्शुलिनच्या भावाची रेषा दाखवली. रेषा सपाट होती.

"टंचाई असती तर भाव चढला असता, बाई. हा नियम आहे. वरून दगड सोडला की खाली पडतो ना, तसा. भाव जागचा हललेला नाही, म्हणजे टंचाई नाही."

"साहेब, माल नसतानाही मी मागचाच भाव लिहीत आले. म्हणून तो हलला नाही."

"नियमाप्रमाणेच लिहिलात ना?"

"हो."

"मग झालं तर! हे शास्त्र आहे, बाई. 'नाही' लिहायला यात जागाच नाही. आकडा हलू द्या, मी दुसऱ्या दिवशी साठा पाठवतो."

तिला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती रेषा तिनंच चार आठवडे आपल्या हातानं सपाट ठेवली होती.

गुरुवारी औषधवाला पुन्हा म्हणाला, "मागचाच लिहा." तिनं मान हलवली आणि चौपट भाव लिहिला. एकोणीस वर्षांतलं पहिलं खोटं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याचीच तिला भीती वाटली.

सोमवारी पत्रक लागलं. मंगळवारी साठ्याची गाडी आली नाही, पण औषधवाल्यापुढं रांग लागली. मागच्या खोलीतून एकेक बाटली बाहेर येत होती. कुठून आली, हे कुणी विचारलं नाही.

"केवढ्याला?"

"चौपट. पत्रकातलाच भाव, बाई. तुमच्या आकड्यावर एक पैसा जास्त लावलेला नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, चक्क आदर होता.

ती रांगेत असतानाच साहेबांचा फोन आला. "बघितलंत? भाव चढला, माल आला! नियम चुकत नाही. आता साठा पाठवायची गरजच उरली नाही." दगडाला भावपत्रक वाचता येत नाही, हे त्या सुवर्णपदकवाल्याला कुणी शिकवलं नसावं. ती फक्त "हो साहेब" म्हणाली.

महिन्याच्या किराण्याचे पैसे देऊन तिनं दोन बाटल्या घेतल्या. तिच्या मागं शाळेतली एक आया उभी होती, हातात लेकीच्या औषधाची चिठ्ठी घेऊन. भाव ऐकून तिनं चिठ्ठीची घडी घातली.

"बाई, तुम्हीच लिहिता ना भाव? येत्या गुरुवारी कमी होईल का हो?"

कमी लिहिला तर माल पुन्हा मागच्या खोलीत जाणार, हे भावबाईला लख्ख दिसत होतं. दोन्ही बाटल्या तिच्या हातात गार लागत होत्या. "सांगता येत नाही," ती म्हणाली आणि दोन्ही घेऊन घरी गेली.