खुर्चीशी केलेल्या तालमी

वत्सलाताई गांगुर्डे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते नाशिकच्या जुन्या सीबीएस स्टँडवर, दिंडोरीच्या गाडीच्या रांगेत. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. पायाशी पत्र्याची ट्रंक, हातात नाटकाचे सुटे कागद, आणि बाई उभ्या उभ्या रडत होत्या. हुंदका नाही, आवाज नाही, नुसते डोळे वाहत होते. मला राहवेना. मी विचारलं, "कोण गेलं हो?"

पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "अजून कोणी नाही. तिसऱ्या अंकात जाईल."

मग कागद माझ्यापुढे धरून विचारलं, वाचता येतं का. मी म्हटलं, चौथीपर्यंत शिकलेय. "पुरे," ताई म्हणाल्या. "नायकालाही तेवढंच येतं."

मी तेव्हा नवऱ्यानं टाकलेली, माहेरी निघालेली. दिंडोरी येईपर्यंत मी नायकाची वाक्यं अडखळत वाचली आणि ताईंनी त्याला उत्तरं दिली. गाडीतली माणसं माना वळवून बघायला लागली. कंडक्टरला वाटलं आमचं खरंच भांडण जुंपलंय. त्यानं मला समजावलं की बाई, प्रवासात कशाला, घरी जाऊन मिटवा. उतरताना ताईंनी विचारलं, सोबत येतेस का? बाईमाणसाला नाटकासाठी गावोगाव फिरायचं तर बरोबर दुसरी बाई लागतेच, नाहीतर लोक जीभ सैल सोडतात. त्या दिवशी मी माहेरी गेलेच नाही. पुढे बारा-तेरा वर्षं ताईंची सोबत केली.

ताईंचा सत्कार करणाऱ्या समितीनं गौरव अंकासाठी मला सांगितलं आहे की ताईंचं कार्य, त्यांची मूल्यं आणि त्यांचा प्रेमळ स्वभाव यावर लिहा, आणि प्रत्येकाला एकेक प्रसंग द्या. देते. फक्त गोड गोड लिहा असं कोणी म्हणालं नव्हतं, ते बरं झालं.

आधी कार्य. ज्यांना ताई फक्त सिनेमातल्या म्हणून माहीत आहेत त्यांना हे कळणार नाही. त्या काळी आपल्याकडे नाटक कोण करत नव्हतं? जत्रेत गावकरी करायचे, सातपूरला कारखान्यातले करायचे, इगतपुरीला रेल्वेतले करायचे. पुरुष हवे तेवढे. बाई मात्र कोणाच्या घरातून निघायची नाही. बायको नको, बहीण नको, भावजय तर नकोच नको. मग नाशिकहून ताईंना बोलवायचं. प्रयोगाच्या दिवशी दुपारी ताई पोचायच्या, एक तालीम व्हायची आणि संध्याकाळी पडदा वर. ताई तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या. विशीतल्या नवरीचं काम करायच्या. वय कोणी विचारलं नाही. बाई मिळाली हेच नशीब.

आता ताई येणार एका दिवसासाठी आणि ही मंडळी तालीम करणार दोन महिने. मग दोन महिने नायिकेच्या जागी कोण? पुरुषाला उभं केलं तर सगळे हसत सुटायचे. म्हणून खुर्ची ठेवायचे. घडीची लोखंडी खुर्ची. सातपूरच्या एका कारखान्यात तर खुर्चीच्या पाठीवर कोणाच्या तरी आईची शाल टाकलेली होती, बाईसारखं वाटावं म्हणून. त्या शालीकडे बघून नायक म्हणायचा, तू माझं सर्वस्व आहेस.

तो नायक म्हणजे आपले शिरसाठ साहेब. आज ते सत्कार समितीचे कार्यवाह आहेत. तेव्हा स्टोअरमध्ये कारकून होते, सडपातळ होते. ताई दुपारी पोचल्या, तालमीला उभ्या राहिल्या, आणि शिरसाठ त्यांच्या पोटाकडे बघून बोलायला लागले. दोन महिने खुर्चीशी बोलून नजर तिथंच बसली होती. ताईंनी सांगितलं, साहेब, वर बघा. ते वर बघायचे आणि वाक्य विसरायचे. खाली बघायचे आणि वाक्य आठवायचं. तीनदा झालं, चारदा झालं. दिग्दर्शक डोकं धरून बसले.

ताईंनी काय केलं असेल? रागावल्या नाहीत, हसल्याही नाहीत. तीच खुर्ची ओढली, शाल बाजूला ठेवली आणि तिच्यावर बसल्या. सगळा तिसरा अंक बसून केला. नवरा बायकोवर आळ घेतो आणि बायको त्याला उत्तर देते, तो प्रवेश. लिहिणाऱ्यानं दोघांना उभं ठेवलं होतं. ताई बसल्या, शिरसाठांची नजर बरोबर त्यांच्या डोळ्यांना भिडली आणि एकही वाक्य चुकलं नाही. प्रयोग स्पर्धेतला होता. परीक्षक म्हणाले, नायकाच्या नजरेत फार संयम होता. रौप्यपदक शिरसाठांना मिळालं. ताईंना मिळणार नव्हतंच, कारण नियम असा की बाहेरून आणलेल्या कलाकाराला बक्षीस नाही. ताई टाळ्या वाजवत होत्या. मी वाजवल्या नाहीत. माझे हात अजून त्या टाळीसाठी उठत नाहीत.

असं एकदा नाही झालं. गावोगाव झालं. कुठं खुर्ची, कुठं स्टूल, एका ठिकाणी तर धान्याचं पोतं होतं. प्रत्येक नायकाची नजर जिथं अडकली असेल तिथं ताईंनी स्वतःला नेऊन ठेवलं. आणि लोक म्हणायचे, आमचा अमका काय काम करतो.

आता मूल्यं. दिंडोरीकडच्या एका गावात सरपंचांच्या घरी सगळ्या नटांची जेवणं होती. ताईंना आणि मला शाळेच्या वर्गात ताट आलं. नाटकवाली बाई घरात नको, असं सरपंचीणबाईंचं म्हणणं. मला ते ताट उचलून परत द्यायचं होतं. ताई म्हणाल्या, जेव, पोट कोणाचंय? संध्याकाळी सगळ्या गावाच्या बायका रडल्या. सकाळी आम्ही निघालो तर त्याच सरपंचीणबाई एसटीच्या फाट्यावर उभ्या. फडक्यात भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. मला वाटलं माफी मागतील. कसली माफी. ताईंच्या तोंडाकडे निरखून बघत विचारतात कशा, "ताई, काल तुमी खरंच रडत व्हत्या का वं?"

ताई म्हणाल्या, "आधी खोटं रडले. मग तुम्ही रडताना दिसलात, मग खरं."

ती बाई तिथंच डोळ्याला पदर लावून उभी राहिली. ताईंनी तिचा हात धरला आणि गाडी सुटेपर्यंत सोडला नाही. मी ताईंच्या जागी असते तर आदल्या दिवशीच्या ताटाची आठवण करून दिली असती. मोठेपणा म्हणतात तो हाच असावा. मला जमत नाही. मला तर आजही वाटतं, त्या बाईनं भाकरी फाट्यावर आणण्याऐवजी ताईंना एकदा घरात बोलवायला हवं होतं.

सिनेमाचं सांगते, कारण समितीनं ताईंच्या नावामागं सिनेतारका असं छापलंय. आणीबाणी उठली त्यानंतर एका मराठी सिनेमाचं शूटिंग आपल्या घाटावर झालं आणि त्यात ताईंना जमीनदाराच्या बायकोचं काम मिळालं. तीनच प्रसंग, पण मोठे. सिनेमा नाशकात लागला तेव्हा आम्ही दोघी पहिल्याच दिवशी गेलो. पडद्यावर ताई आल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या. ताईंनी तोंड उघडलं आणि आवाज दुसऱ्याच बाईचा. गुळगुळीत, पुस्तकात असतो तसा. आपल्या ताईंचा आवाज गावठी वाटतो म्हणून कोणीतरी तिकडं बसून बदलून टाकला होता, आणि ताईंना साधं कळवलंही नव्हतं. मी उठायला लागले तर ताईंनी मला दंडाला धरून खाली बसवलं. शेवटपर्यंत बघितला सिनेमा. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या, "माझ्या तोंडात भाडेकरू ठेवला गं त्यांनी."

पुढं आठ-दहा सिनेमे केले. कुठं मावशी, कुठं मोलकरीण. पण दर वेळी करार करताना एकच अट घालायच्या की बोलेन ती मीच. त्या अटीपायी कामं गेली. गेली तर गेली. एवढी गोष्ट तरी ताईंनी सोडली नाही, म्हणून मी जन्मभर त्यांना मानते.

स्वभावाचं काय सांगू? मला वाचतं-बोलतं त्यांनी केलं. गाडीत रोज समोरच्याची वाक्यं वाचायची, राजाची, वकिलाची, सासऱ्याची. मी अडखळायची. अर्धी एसटी हसायची. ताई कधी हसल्या नाहीत. म्हणायच्या, "पारू, अडखळ, पण थांबू नको." आज मी इंदिरानगरला डबे करते, चार बायका माझ्या हाताखाली आहेत, कोणाशीही तोंड वर करून बोलते, ते त्या वाक्यांवर. एवढी वकिलांची भाषणं वाचल्यावर माणूस गप्प कसा बसेल.

आता मुख्य मुद्दा. तो लिहू नका असं मला आडून सुचवलं गेलं आहे, म्हणून इथंच लिहिते.

सत्काराच्या दिवशी त्या नाटकाचा तिसरा अंक होणार आहे. ताईंनी बसून केलेला तोच प्रवेश. कल्पना चांगली आहे. बायकोचं काम अध्यक्षांची सून करणार आहे. मुलगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. नवऱ्याचं काम शिरसाठ साहेब स्वतः करणार आहेत. आणि ताई? ताईंसाठी समोर, मधोमध, मखमल लावलेली खुर्ची.

ताईंनी आयुष्यात कोणाकडे काम मागितलं नाही. या वेळी मागितलं. मी शेजारीच होते. हळूच म्हणाल्या, शिरसाठ साहेब, तेवढा एक प्रवेश मी केला तर? साहेब प्रेमानंच हसले. "ताई, तुम्ही आता बसायचं. जन्मभर उभ्या राहिलात. गुडघे सांभाळा. आणि वयही शोभलं पाहिजे ना भूमिकेला."

ताई म्हणाल्या, "बसून काय करू?"

"बघायचं. आम्ही करतो."

ताई उठल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, जाऊ दे पारू, ते प्रेमानं करताहेत. प्रेमानं करताहेत हे मलाही दिसतं. पण गेल्या पाच वर्षांत ताईंना शाली आल्या, नारळ आले, प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावणी आली. भूमिका एक नाही आली. साठीच्या बाईला बायकोचं काम शोभत नाही, आणि पोट सुटलेल्या, केस काळे केलेल्या शिरसाठ साहेबांना नवऱ्याचं शोभतं, हा हिशोब मला कोणी समजावून सांगावा. गुडघे म्हणाल तर माझ्या घराला दोन जिने आहेत आणि ताई रोज दुपारी चढून येतात.

का येतात, तेही सांगते. तालमीला. माझ्या स्वयंपाकघरात डबे निघून गेले की ताई तो प्रवेश करतात. त्यांना माहीत आहे की काम आपलं नाही, तरी करतात. मी पोळपाट धुताधुता नवऱ्याची वाक्यं देते. आणि नवऱ्याच्या जागी आम्ही ठेवली आहे खुर्ची.

गेल्या आठवड्यात शिरसाठ साहेब हा लेख न्यायला आले. लेख झाला नव्हता. जिने चढून दमले होते, तर समोर दिसली त्याच खुर्चीवर बसले. ताई तेव्हा ओट्याला टेकून उभ्या होत्या. मी सवयीनं नवऱ्याचं वाक्य वाचायला लागले, "तू त्या दिवशी कुठे होतीस?" आणि ताईंनी माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघून उत्तर दिलं, "जिथं तुम्ही मला शोधलं नाही तिथं."

माझ्या हातात कागद तसाच राहिला. पुढचं वाक्य साहेबांनी दिलं. त्याच्या पुढचंही दिलं. एक शब्द चुकले नाहीत. ताई उभ्या आणि ते बसलेले, म्हणून त्यांना मान वर करावी लागली, आणि मी शपथेवर सांगते, कारखान्यातल्या त्या तालमीपासून आजपर्यंत त्यांनी उभ्या ताईंच्या डोळ्यांत बघून बोललेलं मी पहिल्यांदा पाहिलं. प्रवेश संपला तेव्हा साहेबांनी पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, समितीला विचारावं लागेल. कार्यक्रमपत्रिका छापून झाली आहे.

विचारा. मी थांबते. पण समिती नाही म्हणाली तर ताईंनी काय करायचं, हे मीच त्यांना सांगितलं आहे, आणि त्या नको म्हणालेल्या नाहीत. त्या दिवशी सकाळचे डबे लवकर आटपून मी पहिल्या रांगेत येऊन बसणार आहे.

ताईंना उदंड आयुष्य मिळो. गुडघे साथ देवोत, आवाज आहे तसाच राहो, आणि जी वर्षं मिळतील ती त्यांनी उभ्यानं, दिव्याखाली, स्वतःच्या तोंडानं बोलत काढावीत, एवढंच मी मागते. आणि समितीला एक विनंती. शाल आणली आहे तर ती त्या मखमली खुर्चीच्या पाठीवर टाका आणि तिचा सत्कार करा. तुम्हाला सवय आहे. ताई तिसऱ्या अंकात असतील.