फळी आणा

आंब्यावरून माणूस पडला, तर तुम्ही आधी काय कराल? खरं सांगा. काखेत हात घालून त्याला उठवाल, बसवाल, पाणी पाजाल. आम्हीही तेच केलं. आमचूरसाठी कैऱ्या उतरवताना दादा फांदीसकट खाली आला. आम्ही त्याला बसवलं, मग घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि चौघांनी त्याला डोंगर उतरवला. आमच्या पाड्याला रस्ता नाही. बाळंतीण असो, म्हातारा असो, सगळे झोळीतूनच जातात.

शहरातल्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागाच्या दाराशी मावशी भेटली. वॉर्डात साफसफाई करणारी, पेशंटला कुशीवर वळवणारी, सारंगखेड्याकडची. नवीन पेशंट आला की ती तर्जनी पुढे धरायची. आधी वाकवायची, मग ताठ करायची आणि विचारायची,

"झोळीमा लई उनात का फळीवर?"

"झोळीत."

"पडना तव्हय पाय हालनात का?"

"हालत होते. अंगठा हलवला होता त्याने. मी पाहिला."

तिने बोट पुन्हा वाकवलं. वाकवलेलं बोट तसंच खाली गेलं.

डॉक्टर म्हणाले, पाठीचा मणका मोडलाय, आतल्या मज्जारज्जूला मार बसलाय. तो पडल्यामुळे बसला की झोळीत दुमडल्यामुळे, हे कोणालाच सांगता आलं नाही. मीही विचारलं नाही. झोळीची गाठ मी मारली होती.

ऑपरेशन झालं. दादाच्या छातीलाही मार होता, नाकातोंडात नळ्या होत्या. आता लढाई पाठीच्या कातडीशी आहे, असं मावशीने मला समजावलं. कमरेखाली जाणीव नाही, म्हणजे कातडी कुजली तरी त्याला कळणार नाही. शेजारच्या कॉटवरचा माणूस एकदा बरा होऊन घरी गेला होता आणि पाठीला मूठ जाईल एवढी जखम घेऊन परत आला होता. म्हणून दर दोन तासांनी दादाला वळवायचं. तिघांनी, एकाच वेळी.

"आख्खा फिरवा रे! ओंडका फिरावतस तसा. तुकडा पाडू नका मन्हा नवरदेवना!"

दादाला ती नवरदेव म्हणायची. नळी निघाल्यावर दादा पहिल्यांदा हसला तो यावरच. मग म्हणाला, "मावशी, नवरी कुठंय?" मावशी म्हणाली, "पळी गई. तुन्ही दाढी देखीसन."

मी तेव्हा कॉटशेजारी बसून रस्त्याच्या मागणीचं पत्रक लिहीत होतो. आमच्या घरात पत्रकं लिहूनच आम्ही मोठे झालो. रस्ता, सरकार, डोंगर, इतकी वर्षं; तीन पानं झाली होती. मावशीला वाचून दाखवलं. तिने पोछा बादलीत पिळला.

"एवढं लांबडं कोन वाचस रे भाऊ?"

"रस्ता मागायचा नाही का मग?"

"मांग ना! भांडीसन मांग. पन रस्ता यी तोवर मानसे पडतीनच ना? तेस्नं काय करानं ते लिख."

मला राग आला. खरी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून आली की येतो तसा.

पुढचे महिने दमवणारे होते. त्यांत सांगण्यासारखं फार थोडं घडलं. दादाला नुसतं बसवलं तरी डोळ्यांपुढे अंधारी यायची. पंधरा मिनिटं बसला की आम्ही गावजेवण झाल्यासारखे खूश. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी हातांवर भार घेऊन खुर्चीत सरकायला शिकवलं. लघवीची नळी घालायला मी शिकलो. पाय हलले नाहीत. कधी हलतील का, हे विचारणं दादानेच आधी बंद केलं.

निघताना मावशीने आपला गोल आरसा दादाच्या हातात ठेवला. "रोज पाठ देखानी. सकाय-संध्याकाय. लाल डाग दिसना का त्या कुशीवर निजानं नही." दारापर्यंत आली तेव्हा तिचा एक हात कमरेवर होता. इतक्या महिन्यांत तो मी पाहिलाच नव्हता.

आता दादा ओट्यावर खुर्चीत बसून कैऱ्यांच्या फोडी करतो. आरसा गळ्यात दोरीने अडकवलेला असतो. पाठीला अजून एकही डाग नाही. गावातली पोरं त्याला आरसेवाला म्हणतात आणि तो त्यांना फोडी फेकून मारतो.

पत्रक छापलं. एकाच पानाचं. ते दाखवायला मी वॉर्डात गेलो, तर दाराशी दुसरीच बाई होती. म्हणाली, "त्या मावशीनी कंबर गई. उठता येत नही. घर बसनी." इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पाठी आख्ख्या फिरवणारीला वळवायला आता घरी तिघं आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पत्ता घेतलाय. आरसाही नवा घेतलाय.

तोवर तुमच्याकडे एक मागणं. पडलेल्या माणसाला उठवू नका, बसवू नका. मान आणि पाठ एका रेषेत धरा, सगळ्यांनी मिळून आख्खा फिरवा, फळीवर घ्या, फळीला बांधा. ढिली खाटही नको, तीही झोळीच. आज संध्याकाळी घरात माणसाएवढी फळी शोधा. नसेल तर कोणतं दार बिजागरीवरून निघतं ते बघून ठेवा, आणि शेजारच्या तिघांना दाखवा.

त्यांनी विचारलं कशाला, तर एक बोट वाकवून दाखवा. मग ताठ करा.