उचलता येईल ती गाडी

लग्न होऊन रिसोडला आले तेव्हा मला सायकलशिवाय काहीच चालवता येत नव्हतं. कारंज्याला माहेरी बाबांची मोटरसायकल होती, पण तिच्यावर मी कायम मागे. दोन्ही पाय एका बाजूला, मांडीवर पिशवी. गाडी चालवू नकोस असं मला कोणी म्हटलं नव्हतं. चालव असंही कोणी म्हटलं नव्हतं.

मग कृषी सहायकाची नोकरी लागली आणि केनवडच्या बाजूची पाच गावं माझ्याकडे आली. काम शेतातलं. पेरणी पाहायची, पिकावर कीड पडली तर काय फवारायचं ते सांगायचं, पाण्यानं नुकसान झालं की पंचनाम्याला जायचं. केनवडपर्यंत एसटी नाहीतर जीप मिळायची. पुढे पायी, किंवा एखादा शेतकरी त्याच बाजूला निघाला असला तर त्याच्या मागे बसून. जीप भरल्याशिवाय हलायची नाही. पहिल्या वर्षी मी सोयाबीनपेक्षा जीपचा थांबाच जास्त पाहिला असेल.

दुसऱ्या वर्षी शेजारणीची स्कुटी गल्लीतच दोन रविवारी शिकले, शिकाऊ लायसन काढलं, आणि ऑगस्टातल्या एका उघडिपीला ती घेऊन थेट शिवारात गेले. डांबरी रस्ता संपेपर्यंत मी स्वतःवर फार खूश होते. पांदण रस्त्याला, शेतांमधल्या कच्च्या वाटेला लागले आणि शंभर पावलांत गाडी थांबली. इंजिन चालू, पण चाक फिरेना. खाली वाकून पाहिलं तर चाक आणि मडगार्डच्या मध्ये काळी माती गच्च बसलेली. काडीनं टोकरली, काडी मोडली. शेवटी बाजूच्या वावरात निंदण करणारी एक बाई खुरपं घेऊन आली आणि भांड्याची खरड काढावी तशी तिनं माती काढून दिली.

"बाई, हे गाडी गावातली हाये," ती म्हणाली. "वावराच्या रस्त्यानं इले आणू नोको."

"मंग कोणती आणू?"

"मोठ्या चाकाची. माणसं चालवते थे."

ती परत तिच्या ओळीत जाऊन बसली. मी स्कुटी ढकलत डांबरापर्यंत आणली. घरी पोचेपर्यंत माझं ठरलेलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवते. तो शाळेत मास्तर आहे, सगळं समजावून सांगायची त्याला सवय. मोटरसायकलला गिअर असतात, ती जड असते, वगैरे सांगून झाल्यावर म्हणाला, "नवी स्कुटीच घेऊ ना. जरा चांगली." सासूबाईंनी एवढंच विचारलं, "साडीवर कसं जमन?" मी म्हटलं, ड्रेस घालीन. "मंग घे," म्हणाल्या, आणि त्यांच्यापुरता तो विषय तिथेच मिटला.

राहिले मामाजी. माझे सासरे एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. ते अंगणात दाढी करत बसले होते. अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"रोज जाशीन?"

"रोज. पावसाळ्यात पण."

"मंग रविवारी पाहाले जाऊ," म्हणाले आणि उरलेली दाढी करायला लागले.

रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. तिथला विक्रेता तरुण, इस्त्रीच्या शर्टातला, बोलायला गोड. पण सगळं बोलणं माझ्या नवऱ्याकडे पाहून. "सर, मायलेज बघा सर." नवऱ्यानं दोनदा सांगितलं की गाडी हिला घ्यायची आहे. त्यावर तो माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, यात गुलाबी रंग नाही येत."

मला गुलाबी नकोच होती. मला दारातच एक लाल गाडी आवडली होती. उंच, टाकी फुगलेली, मागची सीट वर चढत गेलेली. मामाजींनी एक काळी साधी गाडी दाखवली, ती मी पाहिलीही नाही. मी लाल गाडीवर बसले. हँडल हातात आल्याबरोबर वाटलं, आता हिच्यावरून केनवड काय, अकोलासुद्धा जवळ. जमिनीला फक्त चवडे टेकत होते, पण त्या वेळी मला ते चवडेही पुरेसे वाटले.

"स्टँडवरून काढून बघा मॅडम," तो म्हणाला.

मी गाडी सरळ केली, डाव्या पायानं स्टँड मागे ढकललं, आणि गाडी हळूच उजवीकडे कलली. खूप हळू. सावरायला भरपूर वेळ होता असं मला अजूनही वाटतं, पण तिच्या वजनापुढे माझ्या चवड्याचं काही चाललं नाही. विक्रेत्यानं झेप घेऊन हँडल धरलं, नवऱ्यानं मागून धरलं, आणि मी मधून निसटून फरशीवर बसले. गाडीला ओरखडा पडला नाही. माझ्या कोपराला पडला.

आजूबाजूची चार गिऱ्हाइकं पाहत होती. नवरा हळूच म्हणाला, "चल, स्कुट्या तिकडं आहेत." मला रडूही येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही कोणावर काढायचं ते कळत नव्हतं. मामाजी मात्र त्या लाल गाडीभोवती एक चक्कर मारून आले. बस काढायच्या आधी टायर पाहत फिरायची त्यांची जुनी चाल.

"हे पडली तं तुले एकटीले उचलता येईन काय?" त्यांनी मला विचारलं.

"आत्ता कुठं पडली? धरली ना त्यांनी."

"इथं धराले दोन माणसं होते. शिवारात कोन हाये? आमची बस बंद पडली तं डेपोतून दुसरी येत होती. तुह्या मागं कोन येईन?" मग विक्रेत्याकडे वळून ते अगदी सरळपणे म्हणाले, "भाऊ, हे गाडी जरा खाली आडवी टाकून देता काय? पोरगी उचलून पाह्यते."

विक्रेत्याचा चेहरा असा झाला की माझा राग तिथेच गेला. नवी गाडी फरशीवर आडवी टाकायला कोण देईल? आम्ही त्याचा चहा पिऊन बाहेर पडलो.

मामाजींच्या ओळखीचा एक मेकॅनिक बाजार समितीच्या रस्त्यावर होता. पिकलेल्या मिशांचा, कमी बोलणारा. त्याच्या दुकानापुढे विकायला आलेल्या तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या. मामाजींनी त्याला काय पाहिजे ते सांगितलं. त्यानं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, आत जाऊन सोयाबीनची चार रिकामी पोती आणली, जमिनीवर अंथरली, आणि पहिल्या गाडीचा पेट्रोलचा कॉक बंद करून तिला हलकेच त्यांच्यावर निजवलं.

"उचला," तो म्हणाला.

मी हँडल धरून वाकले आणि ओढलं. गाडी जागची हलली नाही. पुन्हा ओढलं, तर कंबरेत कळ आली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. एक जण म्हणाला, "ताई, सोडा, मी उचलून देतो." मेकॅनिकनं हात आडवा करून त्याला थांबवलं. "त्यायलेच उचलू द्या. त्यायलेच घ्याची हाये."

नवरा थोडा लांब उभा राहून मोबाइल पाहिल्यासारखं करत होता. मामाजी जवळ आले.

"बाजारात हमाल पोतं कसं उचलते पाह्यलं ना तू? थो पोत्याकडं तोंड करून वाकते काय? पाठ लावते. जोर मांड्यायत असते, हातात नाई."

मी गाडीकडे पाठ केली. सीटला कंबर टेकून खाली बसले, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात मागचा दांडा. डोळे मिटले आणि पायांनी जमीन रेटली. गाडी वीतभर उठली आणि परत पोत्यांवर बसली. ही पहिली. दुसरी तिच्याहून जड, ती तेवढीही उठली नाही. तिसरी शंभर सीसीची, काळी, टाकीवर पट्ट्यासुद्धा नसलेली, शोरूममध्ये मामाजींनी दाखवली होती तशीच, फक्त सहा-सात वर्षं चाललेली. मी पाठ लावली, रेटलं, पावलं मागे मागे टाकत गेले, आणि एका क्षणी पाठीवरचं सगळं ओझं एकदम संपलं. गाडी उभी होती.

कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी धापा टाकत होते आणि ओढणी कुठे गेली ते माहीत नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "पुन्हा एकदा. दुसऱ्या बाजूनं." तेही झालं.

नवरा मोबाइल खिशात घालून आला. "हीच घ्यायची असेल तर नवी घेऊ ना. जुनी कशाला?" त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मी किती वेळा पडणार आहे याचा अंदाज मला आता आला होता. नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला असता तर मी महिनाभर तिला अंगणाबाहेर काढली नसती. हिच्यावर आधीचेच इतके ओरखडे होते की माझे त्यात मिसळून जाणार होते. मी म्हटलं, हीच. लाल गाडीचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. काळी घेऊन घरी येतानाही शोरूमसमोर माझी मान आपोआप तिकडे वळली.

गाडी शिकले बाजार समितीच्या आवारात, सुट्टीच्या दिवशी. लिलाव नसला की तिथे मोठं मोकळं मैदान असतं आणि धान्य टिपणाऱ्या कबुतरांशिवाय कोणाला अडचण होत नाही. मामाजी बाजूनं चालत यायचे आणि ओरडायचे, "क्लच! क्लच हळू सोड!" पहिल्या दिवशी गाडी माझ्याकडून किती वेळा बंद पडली ते मी मोजायचं सोडून दिलं. ती पुढे उडी मारून बंद पडायची आणि कबुतरं उठायची. तासाभरानं कबुतरंही उठेनाशी झाली.

मामाजी बसच्याच हिशोबानं शिकवायचे. वळायच्या आधी आरसा पाहायचा. उतारावर गिअरमध्ये राहायचं. खड्डा दिसला की त्याच्याकडे नाही, त्याच्या बाजूच्या रस्त्याकडे पाहायचं. "मागं पन्नास लोकं बसले हायेत असं समजून चालव," ते म्हणायचे. "एखादी म्हातारी उभी हाये, एखादीच्या कडेवर लेकरू हाये. ब्रेक असा मार का कोनाचं डोकं आपटलं नाई पायजे." माझ्या मागे टिफिनच्या पिशवीशिवाय काही नव्हतं. पण मी अजूनही ब्रेक तसाच मारते.

वाशिमला जाऊन पक्कं लायसन काढलं. सप्टेंबरात मी गाडी घेऊन शिवारात गेले, आणि पांदण रस्त्यावर, जिथे पडायचं होतं तिथेच पडले. चिखलात गाडी आडवी, मी तिच्या बाजूला, ड्रेस कमरेपर्यंत काळा. उजवीकडे-डावीकडे पाहिलं. लांब एका धुऱ्यावर, बांधावरच्या गवतात दोन बकऱ्या, बाकी कोणी नाही. मी उठले, बुटाला चिकटलेला चिखल दगडावर झाडला, गाडीकडे पाठ केली आणि खाली बसले. चिखलात पाय घसरत होते, म्हणून दोनदा फसलं. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. किक मारली, चालू झाली. मला एकटीलाच इतकं हसू आलं की बकऱ्यांनी माना वर केल्या.

संध्याकाळी घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं आधी माझे हातपाय पाहिले, मग गाडीचा वाकलेला आरसा. दुसऱ्या दिवशी शाळेत जायच्या आधी त्यानं तो आरसा पान्यानं सरळ केला आणि स्वतः बसून पाहिलं, मागचा रस्ता नीट दिसतो का. "तुझ्या उंचीला लावलाय," म्हणाला. त्यानंतर आमच्या घरात स्कुटीचा विषय निघाला नाही.

ऑफिसनं मात्र गाडीचा फायदा लगेच घेतला. बाजूचे सहायक बदलून गेले तेव्हा साहेब म्हणाले, "तुमच्याकडे गाडी आहे ना? त्यांची दोन गावं तुम्हीच पाहा." पाचाची सात झाली. पगार तोच. मी तक्रार करायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले आणि तक्रार न करताच परत आले. त्या दोन गावांचा रस्ता एका तळ्याच्या काठानं जातो. तो मला पाहायचा होता.

परवा त्यातल्याच एका गावात हरभऱ्याच्या पेरणीची सभा होती. मी वेळेच्या आधी पोचले. गाडी आल्यापासून मी वेळेच्या आधी पोचते ही गोष्ट अजून मला नवी वाटते. ग्रामपंचायतीचं कुलूप उघडायचं होतं, एकही शेतकरी आला नव्हता. तुरीला पिवळा फुलोरा होता आणि त्यावर मधमाश्यांचा आवाज. गाडी कडुलिंबाखाली लावली, पायरीवर बसले आणि डबा उघडला. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, सासूबाईंनी वरून ठेवलेला ठेचा. घाईनं खायची गरज नव्हती. जीप जाणार नव्हती, एसटी सुटणार नव्हती. मी निवांत भाकर मोडत बसले. समोरच्या घरातून एका आजीनं विचारलं, "बाई, पानी पाह्यजे काय?" मी हो म्हटलं.