वाकणवाडीचा फोल्डर

"आलं की वाजतंच," हे जगदीशचं कायमचं बोलणं. कशेळ्याच्या नाक्यावर त्याचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मांचं दुकान, शेजारी माझं शिलाईचं. मध्ये फक्त पत्रा. त्याचं बोलणं माझ्या मशीनच्या आवाजात मिसळूनच माझे दिवस गेले.

डोंगरातल्या वाड्यांवर बहुतेकांचा ईमेल नसतो. फॉर्मवर सगळे जगदीशचाच पत्ता टाकतात. पत्रांचा पाचोळा साचू लागला, तसा त्यानं प्रत्येक वाडीच्या नावाचा फोल्डर केला. फॉर्म भरला की माणसाचं नाव मेलच्या नियमात घालायचं; त्याचं पत्र परस्पर त्याच्या वाडीच्या फोल्डरात. शिवाय दुकानातल्या कंप्युटरवर मेलचा प्रोग्राम बसवून नव्या पत्राला घंटी लावली. मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "बघा गजाभाऊ, भाताच्या जातीगणिक कणगी वेगळी."

वाकणवाडीच्या मोतीबाईची पोर विनिता. तिनं खालापूरकडच्या एका नर्सिंगच्या शाळेचा फॉर्म भरला होता. तेव्हापासून मोतीबाई दर बाजाराला रानभाजीच्या जुड्या घेऊन उतरायची आणि पायरीखाली उभी राहायची.

"जगदीश, पोरीचं काय आलं का रं?"

"वाजलं नाय, मावशी." मान वळवायचीही गरज त्याला वाटत नसे.

एकदा ती म्हणाली, "तुजी घंटी बहिरी तं नाय ना?"

"घंटी कंप्युटरची हाय मावशी, देवळाची नाय. तिला कुनी हात लावावा लागत नाय."

पायरीवरचे लोक हसले. मीही हसलो. ते हसणं मला अजून सलतं.

बावीस तारखेला विनिता स्वतः आली. तिनं शाळेत फोन केला होता. "दादा, ते म्हनतात तीन तारखेलाच पत्र धाडलं."

जगदीशनं वाकणवाडीचा फोल्डर उघडला. न वाचलेली सात पत्रं भराभर खाली उतरली. तिसरं विनिताचं होतं. प्रवेश मिळाला होता, पण अठरा तारखेपर्यंत होकार कळवायचा होता.

"सर्व्हरचा घोळ असंल," तो पुटपुटला. त्यानं शाळेत फोन लावला. तिकडून उत्तर आलं, उशीर कुणामुळे झाला ते लेखी आणा, मग बघू.

त्या दुपारी त्यानं गिऱ्हाईक घेतलं नाही. प्रोग्राम फक्त मुख्य ढीग, म्हणजे इनबॉक्स, तपासत होता. 'हा फोल्डरही दर वेळी तपास,' असं प्रत्येक फोल्डरला वेगळं सांगावं लागतं, ते त्यानं कधी सांगितलंच नव्हतं. त्यानं एकेका वाडीच्या फोल्डरवर जाऊन तशी खूण केली. बावीस वाड्या.

"एवढंच होतं?" मी विचारलं.

"एवढंच, भाऊ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी आल्या. त्यानं शाळेला लिहिलेल्या पत्राचा कागद मोतीबाईपुढे केला.

"मला कुटं वाचता येतं? तूच वाच. मोठ्यानं."

पायरीवर पाच-सहा माणसं होती. जगदीशनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मोतीबाईला आत बोलावून त्याला वाचता आलं असतं. पण तो उभा राहिला आणि तिथंच वाचू लागला. "...विनिताची यात चूक नाही. पत्र वेळेवर आलं होतं. तिची आई चार वेळा विचारायला आली. मी फोल्डर उघडून पाहिला नाही. चूक माझी आहे."

"चार नाय," मोतीबाई म्हणाली. "पाच."

कानापर्यंत लाल होत त्यानं पेनानं चारचे पाच केले, सही केली आणि दुकानाचा शिक्का मारला.

"मी सोता नेऊन देतो," तो म्हणाला.

"जा. पन तितं असा खाली मान घालून बोलू नको. आयकायचं नाय कुनी."

त्यानं कागद पिशवीत घातला, शटर अर्धं ओढलं आणि जीपच्या थांब्याकडे चालू लागला. विनिता दोन पावलं मागून गेली आणि थांबली. मोतीबाई पायरीवर टेकली, भाजीची पाटी तशीच बाजूला ठेवून. तो वळणाआड जाईपर्यंत आम्ही तिघं बघत होतो.