पाचवीच्या दिवशीचा फोटो

अक्षर वेडेवाकडे आहे, ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल. मी चौथीपर्यंतच शिकले. ही वही कोणाच्या हाती लागलीच तर माफ करावे.

माझी सासू आमच्या वस्तीची दाई होती. तिच्याच हाताखाली मी शिकले. पुढे वाशीमच्या एका संस्थेने, ज्या समाजातून नर्स निघत नाही अशा समाजातल्या बायांना बाळंतपणाचे शिक्षण द्यायचे ठरवले. सहा महिने शिष्यवृत्ती, मग प्रमाणपत्र आणि दवाखान्यात काम. अट एकच. घरी बाळंतपण करायचे नाही. केले तर सगळे पैसे परत. मी सही केली.

शिक्षणाच्या पाचव्या महिन्यात शेजारणीच्या सुनेला कळा लागल्या. दवाखान्याच्या गाडीला मी दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा "निघाली" म्हणाले. बाळाचे डोके दिसायला लागले तेव्हा मी हात धुतले. पोरगी झाली, खणखणीत रडली. गाडी त्यानंतर आली.

पाचवीच्या पूजेला शेजारीण माझी ओटी भरायला उठली. मी नको म्हणाले.

"काहून वं? दाईले रिकामी धाडू का मी? लेकरू सुखाचं राहीन का?"

सुपात गहू, वर चोळीचा खण. तिच्या लेकाने फोटो काढला, 'आमची दाई' लिहून सगळ्यांना पाठवला. तो फिरत फिरत संस्थेत पोचला.

"बाळंतपण घरीच केलं ना?" संस्थेच्या मॅडमनी बोलावून विचारले. समोर चार माणसे. मी मान हलवली. गाडीला लावलेले दोन फोन मोबाइलमध्ये दिसत होते, मोबाइल पिशवीत होता. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसले.

घरी आल्यावर शेजारीण म्हणाली, "सांगतलं काहून नाई? मूग गिळून बसली होती काय तिथं?"

प्रमाणपत्र गेले, पैसे हप्त्याने परत करायचे ठरले. माझा शिक्षणाच्या पहिल्या दिवशीचा फोटो मात्र संस्थेच्या भिंतीवर अजून आहे.

दोन हंगाम मी विळा घेऊन मजुरीने सोयाबीन सोंगली, लोकांची हळद शिजवली. यंदा त्याच सुनेला पुन्हा दिवस गेले. मी विचारपूस करायला गेले, तर शेजारणीने दारातच सांगितले, "आता दवाखान्यातल्या बाईलेच दाखवतो. तुह्याजवळ कुठं कागद हाये?"

मंगळवारी वाशीमला जाऊन शेवटचा हप्ता भरला. संस्थेच्या बाबूने पावतीवर शिक्का मारला. शिष्यवृत्तीचे सगळे पैसे फिटले.