राजाच्या तोंडी हनोखची चाल

पडदा वर जातो. अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या एका शाळेचा हॉल, २००४ ची दिवाळी, महाराष्ट्र मंडळाचं नाटक. पंचाहत्तरीतला मी, खोटी दाढी लावून राजाच्या वेषात. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर हनोख नागावकर.

हनोख अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. तीस वर्षं इथल्या मोटारीच्या कारखान्यात साचे केले. मला ड्रायव्हिंग येत नाही, म्हणून दर मंगळवारी तालमीला तेच न्यायचे. गाडी चालवताना एक चाल गुणगुणायचे. या-दा-दाय, दाय-दाय. तिला शब्द नव्हतेच. शनिवारी दुपारी सिनेगॉगमध्ये जेवणं झाली की सगळे टेबलावर बोटांनी ठेका धरून ती म्हणत. बायको रिबेका गेल्यापासून हनोखच्या तोंडून प्रार्थनेचा शब्द निघत नव्हता. या चालीतच ते तिच्याशी बोलून घेत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं.

तरी मी काय केलं? पन्नास वर्षं रंगभूमीवर काढलेला माणूस. चांगली चाल मोकळी दिसली की हात शिवशिवतात. तिच्यावर शब्द बसवले, विरही राजाच्या तोंडचे. विचारलंही नाही. 'वन्स मोअर' मिळाला, दोनदा! माझ्या लेकीच्या, सुनेत्राच्या मुली पार्किंगमध्येही तेच गात होत्या. हनोख एवढंच म्हणाले, "छान गायलात, नाना."

नाटक संपलं, तरी मंगळवारची फेरी त्यांनी मोडली नाही. लायब्ररीत निघालो होतो. मीच विचारलं,

"आज गाणं नाही?"

"म्हणायला जातो, तर तुमचा राजा येतो हो मध्ये. शनिवारी तेच झालं. रिबेकापर्यंत पोचायच्या आत तुमची पहिली ओळ तोंडात. उठून बाहेर आलो."

मी हात जोडून माफी मागितली. जन्मभर प्रेक्षकांसमोर जोडलेले हात. त्यांना ते खरे वाटले की नाही, कोण जाणे.

त्याच गुरुवारी हनोख झोपेत गेले. चाल त्यांना परत सापडली नव्हती, आणि माझ्या कानातून माझे शब्द अजून जात नाहीत.

त्या मंगळवारी परतल्यावर घरासमोर नेहमीसारखं माझ्या बाजूचं दार उघडून धरत ते म्हणाले होते, "शनिवारी या माझ्याशेजारी बसायला. फक्त तोंड मिटून बसा, नाना."